गाडीतलं पेट्रोल, गॅस आणि थिनर: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

'गाडीत काय ठेवू नये' या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा निम्म्या पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं: 'इतकी वर्षं ठेवतोय, काही झालं नाही.' यात नशिबाचा भाग किती आणि हवा खेळती असण्याचा किती, हे खालच्या उत्तरांवरून वाचकांनीच ठरवावं. पत्रं लांबीनुसार थोडी कापली आहेत.

आमची काजूची बाग घरापासून १४ किलोमीटरवर आहे. ग्रास कटरसाठी दोन-तीन लिटर पेट्रोल न्यावं लागतं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून डिकीत ठेवतो. हल्ली पंपावर बाटलीत द्यायला नाही म्हणतात. मग न्यायचं कशात?
— एक बागायतदार, चिपळूण

पंपावरच्या माणसाचा तो हेकटपणा नव्हे. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ बाळगायला तो मुभा देतो, पण भांडं कोणतं हेही सांगतो: घट्ट बुचाचं, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर १ लिटरपर्यंत आणि धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. पाण्याची प्लास्टिकची बाटली त्या यादीत नाही. काच गाडीत फुटते, तेव्हा तुमच्यासाठी उरतो तो ५ लिटरचा, पेट्रोलसाठीच बनवलेला, आट्याच्या झाकणाचा आणि आत रबरी वॉशर असलेला पत्र्याचा कॅन.

बाटलीचा दोष काय, तर पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत पारा ६० च्या आसपास जातो. आत वाफेचा दाब चढतो, बाटली फुगते, झाकणाच्या आट्यांतून वाफ झिरपते. पुढच्या सीटपर्यंत वास येत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि बागेत पोचून झाकण फिरवलं की फस्सकन फवारा हातावर. तोवर कटर गरम असेल किंवा शेजारी कुणी विडी ओढत असेल, तर पुढचं सांगायला नको.

पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली की ठिणगी पुरते. लहान मोटारीच्या केबिनमध्ये अंदाजे ३,००० लिटर हवा मावते. हिशेब केला तर चहाचा एक मोठा कप, म्हणजे दोनेकशे मिलिलिटर पेट्रोल उडून गेलं की पूर्ण केबिन त्या मर्यादेच्या जवळ पोचतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती सगळीकडे सारखी न पसरता पायाशी, सीटखाली साचते. तिथे मग कपभरही लागत नाही, आणि सीटखालून जाणाऱ्या वायरी तिथेच असतात.

भरताना कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा. डिकीतल्या गालिच्यावर किंवा पिकअपच्या हौद्यातल्या प्लास्टिक शीटवर ठेवून भरला, तर वाहत्या पेट्रोलमुळे तयार होणारी स्थिर वीज जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. नोझल कॅनच्या तोंडाला भरून होईपर्यंत टेकलेलं असावं आणि धार बारीक असावी. ५ लिटरच्या कॅनमध्ये साडेचार लिटरच भरा. तापमान २० अंशांनी वाढलं की ५ लिटर पेट्रोल जवळपास १०० मिलिलिटरने फुगतं, त्याला जागा हवी. कॅन बाहेरून पुसून कोरडा करा, डिकीत उभा ठेवा आणि पट्ट्याने बांधा. नुसता अडकवलेला कॅन पहिल्याच वळणावर आडवा होतो. पोचल्यावर आधी कॅन उतरवून सावलीत ठेवायचा, मग गप्पा.

कटरची टाकी येताना रिकामी करा आणि सायलेन्सर हाताला सोसेल इतका निवल्यावरच तो गाडीत ठेवा. टू-स्ट्रोकसाठी तेल मिसळलेलं पेट्रोल 'जरा सौम्य' होतं, असा एक समज कानावर येतो. २५ लिटरला १ लिटर तेल घातल्याने वाफ काही कमी होत नाही.

माझी बाटली डिकीत सांडलीच. तीन दिवस झाले, वास जात नाही. व्हॅक्यूम क्लीनर मारू का?
— एक वाचक, सांगली

नका. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात आणि तो वाफ थेट त्यांच्यावरच ओढतो. हेअर ड्रायरही नको.

गाडी घरापासून, देवघरातल्या समईपासून, गिझरपासून लांब मोकळ्यावर ढकलत न्या. सुरू करून नको. चारही दारं आणि डिकी उघडी ठेवा. केबिनचे दिवे दार उघडताच लागत असतील तर ते आधीच बंद केलेले बरे, पण वास उग्र असताना कोणत्याच बटणाला हात लावू नका. मॅट काढा. गालिचा उचलून खालचा फोम बघा, कारण वास येतो तो तिथून. वरून सुगंधी फवारे मारून उपयोग नाही. फोममध्ये जुनी सुती फडकी दाबून दाबून ओल टिपा. मग भांड्यांचा साबण कोमट पाण्यात कालवून दोनदा धुवा, वर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्रशने झाडा. फडकी उघड्यावर दोरीवर वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये टाकलीत तर प्रश्न एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेला. गालिचा हातात धरून नाकाजवळ नेल्यावरही वास आला नाही, की मगच चावी फिरवा. फोम भिजून फुगला असेल तर तेवढा तुकडा बदलणं स्वस्त पडतं.

कारला सीएनजी किट बाहेरून बसवलं आहे. सकाळी दार उघडलं की कधी कधी वास येतो, मग जातो. मेकॅनिक म्हणतो, 'इतना चलता है.'
— एक वाचक, पिंपरी

इतकं चालत नाही. सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळतात, म्हणजे वास आला की गळती आहे. वास कधी येतो त्यावरून जागा बरीचशी कळते. फक्त गॅस भरल्यानंतर येत असेल तर भरण्याच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग बघायची. इंजिन चालू असतानाच येत असेल तर रिड्युसरनंतरचा (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागानंतरचा) कमी दाबाचा पाइप किंवा त्याचा क्लँप. रात्रभर उभ्या गाडीत येतो, जसा तुमच्याकडे, तेव्हा संशय सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि २०० बारच्या दाबाच्या नळीचे जोड यांच्यावर. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये व्हॉल्व्हभोवतीची वाफरोधक पिशवी आणि तिथून गाडीबाहेर निघणाऱ्या दोन नळ्या बघा. कारागिराने त्या नीट बसवल्या नसतील किंवा सामानाने त्या निसटल्या असतील, तर गळलेला गॅस बाहेर न जाता आत येतो.

पुढच्या वेळी वास आला की रिमोट न दाबता चावीनेच दार उघडा. पॉवर विंडोला हात न लावता चारही दारं आणि डिकी उघडी टाका. डिकीतल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची मूठ घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा. गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये असेल तर ढकलून उघड्यावर आणा. सीएनजी हवेपेक्षा हलका. तो छताच्या अस्तराखाली साचतो आणि दारं उघडली की पटकन निघून जातो. घरगुती गॅस उलटा, जड. तो डिकीच्या खळग्यात तासन्‌तास बसून राहतो. म्हणून 'दहा मिनिटं दार उघडलं, झालं' हा अनुभव एकाला लागू पडतो, दुसऱ्याला नाही.

साबणाचं पाणी ब्रशने जोडांवर लावून बुडबुडे बघणं तुम्ही करू शकता. दाब असताना जोड पान्याने आवळणं मात्र अधिकृत केंद्रावरच सोडा. जास्त आवळलेली फेरूल, म्हणजे जोडातली धातूची कडी, नळीला चीर पाडते आणि गळती दुप्पट होते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर ३ वर्षांनी लागते. तारीख पाटीवर असते, ती वाचा. मुदत संपली असेल तर पंपावर गॅस देत नाहीत. आणि गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, मांडीवर झोपलेलं मूल असलं तरी.

जाता जाता: याच पत्रात मागच्या सीटवर घरचा लाल सिलिंडर ठेवून गावी न्यायची गोष्ट आहे. न्यायचाच असेल तर उभा, बांधलेला, दोरीचं सेफ्टी कॅप लावलेला आणि काचा उतरवलेल्या. आडवा कधीच नाही, कारण आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव गळतो आणि १ लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. या गॅसची गळती झाली तर मदतीचा क्रमांक १९०६.

डॅशबोर्डवर सॅनिटायझर, डिओ, लायटर आणि कापराची पुरचुंडी असते. यातलं काय खरंच धोक्याचं?
— एक कॅबचालक, ठाणे

कापराची पुरचुंडी सगळ्यात कमी. तो उन्हाने उडून जातो, आपोआप पेटत नाही. त्याला ज्योत लागते. खरी गोम अशी की ज्यांच्या डॅशबोर्डवर कापूर असतो, त्यांच्याच डॅशबोर्डवर सकाळी उदबत्ती खोचलेली असते. कापूर राहू द्या, उदबत्ती गाडीबाहेर ओवाळा.

डिओचा डबा आणि लायटर यांची जागा काचेखाली नाही. डिओत ढकलणारा वायू म्हणून बहुधा ब्युटेन-प्रोपेन असतो, म्हणजे घरच्या सिलिंडरचेच भाऊबंद. डब्यावर बारीक अक्षरांत '५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये' असं छापलेलं असतं, आणि उन्हातला काळा डॅशबोर्ड ७० च्या पुढे जातो. डबा फुटला तर काच जाते. पण त्याहून जास्त वेळा घडतं ते असं: काचा बंद, एसी आतल्या हवेवर, भाडं येण्याआधी भरपूर स्प्रे, आणि लगेच सिगारेट पेटवली. स्प्रे मारायचाच असेल तर दारं उघडी ठेवून, आणि त्यानंतर पाच मिनिटं आग नाही.

सॅनिटायझरमधल्या स्पिरिटची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. उन्हाने बाटली स्फोट होऊन फुटते, हे मात्र अतिशयोक्तीचं; ती फुगते, गळते. हाताला लावल्यावर दोन्ही हात पूर्ण कोरडे होईपर्यंत लायटर उचलू नका, एवढं सांभाळलं तर ५० मिलिलिटरची बाटली दाराच्या कप्प्यात ठेवायला हरकत नाही. आणखी एक: यातलं काहीही चालकाच्या पायाशी नको. गोल डबा घरंगळत ब्रेकखाली गेला, तर आग लागायच्या आधीच अपघात होतो.

फर्निचर पॉलिशचं काम घेतो. मागे थिनर, स्पिरिट, टर्पेंटाइन, जवसाचं तेल आणि वापरलेले बोळे एका गोणीत असतात. एकदा रात्री उभ्या टेम्पोतून धूर आला. कुणी पेटवलं असेल?
— एक कंत्राटदार, नाशिक

कुणी पेटवलं असेलच असं नाही. पहिला संशय गोणीवर घ्या.

थिनर आणि स्पिरिट उडून वाळतात. जवसाचं तेल तसं वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता सुटते. लाकडावर पातळ थर असतो, उष्णता हवेत निघून जाते, हाताला कळतही नाही. तेच तेल कापसाच्या बोळ्यात असेल तर धाग्याधाग्यावर पसरून त्याचा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो. बोळे गोणीत कोंबले की उष्णता कोंडते, कोंडल्याने क्रिया वाढते, वाढल्याने आणखी तापतं. चार-सहा तासांत मध्यातला बोळा तपकिरी होतो, धुमसतो. काम संपून सगळे जेवून झोपलेले असतात तीच वेळ. शेजारी थिनरचा सैल बुचाचा डबा असला, की धुराची आग व्हायला वेळ लागत नाही.

उपाय जवळपास फुकटात होतो. झाकणाचा पत्र्याचा डबा पाण्याने अर्धा भरा. तेलाचा प्रत्येक बोळा वापर संपताच त्यात बुडवा, गाडीत चढवण्याआधी, साइटवरच. डबा नसेल तर बोळे उलगडून एकेकटे दगडाखाली, उघड्यावर, एकावर एक न येतील असे पसरा. कडक झाले की मग कचऱ्यात. कामगारांना 'जवसाचा बोळा कोरडा ठेवायचा नाही' एवढंच वाक्य पाठ करून द्या. वॉलनट ऑइल, डॅनिश ऑइल असं काही परदेशी नावाचं आणलंत तरी हेच लागू. खोबरेल किंवा इंजिन ऑइलची फडकी अशी तापत नाहीत, पण गरम सायलेन्सरवर पडली तर पेटतात.

थिनर न्यायचा तर मूळ डब्यात, बूच ठोकून, उभा, आणि टेम्पोच्या मागच्या हौद्यात. चालकाच्या केबिनमध्ये नको. दिवसाला लागेल तेवढाच न्या. अर्धा भरलेला डबा पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त वाफ बाळगतो, म्हणून उरलेला थिनर लहान डब्यात ओतून ठेवायची सवय चांगली.

वडिलांना घरी ऑक्सिजन लावायचा आहे. सिलिंडर कारमधून आणू का? ऑक्सिजन स्वतः जळत नाही ना?
— एक वाचक, सोलापूर

स्वतः जळत नाही, बरोबर. पण आजूबाजूचं सगळं जळायला उतावीळ करतो. हवेत तो २१ टक्के असतो. २५ टक्के झाला की धुमसणारा कपडा भडका घेतो. हॉस्पिटलमधून मिळणाऱ्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. बंद केबिनमध्ये त्यातला जेमतेम दहावा भाग गळला तरी प्रमाण पंचविशीत पोचतं.

आणताना व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर काढलेला, टोपी लावलेली. सिलिंडर मागच्या सीटवर आडवा, पट्ट्याने दोन जागी बांधलेला, व्हॉल्व्हचं टोक माणसांच्या दिशेने नको. दोन काचा चार बोटं उतरवलेल्या. गाडीत पेट्रोलचा कॅन, डिओ, पेटती सिगारेट नाही. व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरच्या आट्यांना तेल, ग्रीस, व्हॅसलीन लावायचं नाही. आटे घट्ट बसलेत म्हणून शेजारचे काका खोबरेल घेऊन येतील, त्यांना थांबवा: दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीशिवाय आग लागते. हात सॅनिटायझरने ओले असतील तर वाळू द्या. घरी पोचताच सिलिंडर उतरवा. 'उद्या बघू' म्हणून गाडीत ठेवू नका.

मुलाची मोटरसायकल रेल्वे पार्सलने बेंगळुरूला पाठवायची आहे. थोडं पेट्रोल ठेवलं तर चालेल का?
— एक वाचक, मिरज

नाही. टाकी पूर्ण रिकामी लागते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली धोकादायक माल बेकायदा चढवल्याबद्दल ३ वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टेशनच्या आवारात पाइप काढून पेट्रोल गटारात सोडणारे दिसतात, ते तर आणखी वाईट. आदल्या दिवशी गॅरेजमध्ये धातूच्या कॅनमध्ये काढून घ्या, मग गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपेल. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत असतो. तो कोरडा फिरवत बसू नका, काम मेकॅनिककडे द्या. टाकी रिकामी झाली तरी आत वाफ असते, झाकण लावूनच ठेवा.

इंजिन डिझेलने धुतलं की चकाचक होतं. काही हरकत?
— एक वाचक, जालना

आहे. डिझेलचा पातळ थर वायरींच्या जुडग्यात, रबरी पाइपांवर आणि एक्झॉस्टच्या पत्र्यामागे राहतो. रबर फुगतं आणि इंजिन तापलं की तो थर धुरकटतो. पेट्रोलने धुणं म्हणजे तर आगीला हात जोडून बोलावणं. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर, थंड इंजिन, मऊ ब्रश. बॉनेट लावण्याआधी पुसलेलं फडकं मोजून बाहेर घ्या. आत विसरलेलं फडकं आणि उंदरांनी भरलेलं गवत, या दोन गोष्टी बॉनेटखाली वरचेवर सापडतात.

कोणतं अग्निशामक घ्यावं? आणि गाडी सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) वाळल्या गवतात लावली तर आग लागते, हे खरं का?
— एक वाचक, रत्नागिरी

दुसरं आधी. खरं आहे. एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असतो आणि चढ चढून आल्यावर तो कित्येकशे अंशांवर तापलेला असतो. डिसेंबरनंतर कोकणच्या सड्यावरचं गवत गुडघाभर आणि कोरडं. डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असेल तर तिथे ६०० अंशांच्या घरात तापमान असतं. उघड्या मातीवर किंवा कातळावर लावा. जागाच नसेल तर पायाने गवत झोपवण्यापेक्षा ते उपटून काढा.

अग्निशामक: एबीसी पावडरचं, १ किलोचं, आयएसआय खुणेचं, दाबाचा काटा हिरव्या पट्टीत असलेलं. डिकीत नको, पुढच्या सीटखाली क्लँपमध्ये बसवा. बॉनेटमधून धूर आला तर गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे खाली आणि ३० मीटर लांब, मग ११२ किंवा १०१. आग लहान असेल तरच पुढे जा. बॉनेटची आतली खटकी ओढा, पण झाकण उचलू नका. उचललं की हवा घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते. जी फट पडते तिच्यातून, वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळेच्या मुळाशी फवारा मारा. १ किलोचा डबा ८-१० सेकंदांत संपतो, त्यामुळे लांबून सुरुवात करून उपयोग नाही. सीएनजी सिलिंडरच्या बाजूला आग असेल तर डब्याला हातही लावू नका. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला ११० अंशांच्या आसपास वितळणारं बूच असतं. ते वितळलं की गॅस जोरात बाहेर येतो आणि पेटतो, त्या बाजूला कुणी असता कामा नये.

गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाला घट्ट बसते, काटा हिरवा असूनही. महिन्यातून एकदा डबा काढून उलटा करा आणि बुडावर तळहाताने आठ-दहा वेळा थापटा. आत पावडर सरकल्याचं हाताला कळलं पाहिजे.